पक्षनेतृत्वाची निवड आणि बदल : सुंदरपेरुमाळ कोयिलच्या निमित्ताने

‘भारतातील राजकीय पक्षांमध्ये अंतर्गत लोकशाहीचा अभाव आहे आणि त्याचे प्रमुख कारण घराणेशाही आहे’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत तुम्ही कधी ना कधी लिहिले असेल, आणि त्याला गुणही मिळाले असतील. वाक्य खोटे नाही, पण त्यातून फारसे काही कळत नाही. ताप आलेल्या माणसाला ‘तुमचे अंग गरम आहे’ असे सांगावे, तसे ते आहे. नेता कसा येतो याची चर्चा आपण खूप करतो. आलेला नेता जातो कसा, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, तो अधिकार कुठे लिहिला आहे, हे प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. या टिपणाचा रोख त्या दुसऱ्या प्रश्नांवर आहे. त्यासाठी आपण एक उदाहरण जरा सविस्तर पाहू आणि मग महाराष्ट्राकडे येऊ.

एक गाव आणि एक पक्ष

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम आणि स्वामिमलै यांच्यामध्ये सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे स्थानक लागते. कावेरीच्या खोऱ्यातला हा भातशेतीचा प्रदेश. मराठी वाचकाला तंजावर आठवते ते व्यंकोजीराजांच्या गादीमुळे. वारस नसल्याचे कारण देऊन इंग्रजांनी साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा केली आणि तंजावरची १८५५ साली. म्हणजे ‘पुढे कोण?’ हा प्रश्न या मुलुखाला नवा नाही. सुंदरपेरुमाळ कोयिल आणि जवळचे कपिस्थलम हा मूपनार या जमीनदार घराण्याचा परिसर. जी. के. मूपनार (१९३१–२००१) या घराण्यातले. तिरुवैयारूला दरवर्षी होणाऱ्या त्यागराज आराधनेच्या सभेचे नेतृत्वही याच घराण्याकडे राहिले आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पक्षातील वारसा समाजातील वारशापासून अलग काढून पाहिला की तो केवळ एखाद्या कुटुंबाची हाव वाटू लागतो.

मूपनार हे कामराज यांचे अनुयायी. १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा कामराज इंदिरा गांधींच्या विरोधी गटात, म्हणजे संघटना काँग्रेसमध्ये राहिले आणि मूपनार त्यांच्याबरोबर राहिले. १९७५ मध्ये कामराज वारले. पुढच्याच वर्षी तमिळनाडूतील त्यांचे बहुसंख्य अनुयायी मूपनारांच्या पुढाकाराने इंदिरा काँग्रेसमध्ये आले. पुढे मूपनार अखिल भारतीय काँग्रेसचे सरचिटणीस झाले, राज्यसभेत गेले आणि दिल्लीच्या वतीने इतर राज्यांतील नेतृत्वाचे तंटे सोडवणाऱ्यांपैकी एक झाले. आपण ज्याला ‘हायकमांड’ म्हणतो, त्या यंत्रणेचे ते आतले माणूस होते, हे लक्षात ठेवा.

१९९६ साली लोकसभेच्या आणि तमिळनाडू विधानसभेच्या निवडणुका एकाच वेळी आल्या. जयललिता सरकारविरुद्ध राज्यात संताप होता. प्रदेश काँग्रेसमधील बहुतेकांचे म्हणणे होते की अण्णा द्रमुकबरोबर जाऊ नये. पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष पी. व्ही. नरसिंह राव यांनी नेमकी तीच युती केली. येथे थांबून विचार करा : एखाद्या राज्यातल्या संघटनेचे मत अध्यक्षाच्या मताविरुद्ध आहे. ती काय करू शकते? ठराव करू शकते, शिष्टमंडळ पाठवू शकते, दिल्लीत दोन दिवस भेटीसाठी थांबू शकते. निर्णय फिरवायला भाग पाडू शकत नाही. निर्णय घेणाऱ्याला हटवणे तर दूरच. मूपनार बाहेर पडले आणि त्यांनी तमिळ मानिल काँग्रेस स्थापन केली. ‘मानिल’ म्हणजे राज्य. पक्षाच्या नावातच तक्रार होती.

मतदारांनी निकाल स्वच्छ दिला. सायकल चिन्हावर लढलेल्या या नव्या पक्षाला द्रमुकबरोबरच्या युतीत लोकसभेच्या २० आणि विधानसभेच्या ३९ जागा मिळाल्या. मूळ काँग्रेसला तमिळनाडूत एकही जागा मिळाली नाही, आणि जयललिता स्वतः पराभूत झाल्या. प्रदेश संघटनेचे म्हणणे बरोबर होते, पण ते सिद्ध करण्यासाठी तिला पक्ष सोडावा लागला. पुढच्या वर्षी देवेगौडा सरकार पडल्यावर मूपनारांचे नाव पंतप्रधानपदाच्या चर्चेतही आले. निवड अखेर इंद्रकुमार गुजराल यांची झाली. तीही आघाडीच्या नेत्यांच्या बैठकांतून, कुठल्याही सभागृहात मतदान न होता.

इथपर्यंतची कथा ‘केंद्राची मनमानी विरुद्ध प्रांताचा स्वाभिमान’ अशी सांगता येते, आणि तशी ती बहुधा सांगितली जाते. पण ती इथे संपत नाही. २००१ च्या विधानसभा निवडणुकीत तमिळ मानिल काँग्रेसने युती केली ती जयललितांच्या अण्णा द्रमुकशी, म्हणजे ज्या युतीला विरोध म्हणून पक्ष जन्मला तीच युती! पी. चिदंबरम यांचा तिला विरोध होता. त्यांच्यापुढे कोणता मार्ग होता? पाच वर्षांपूर्वी मूपनारांपुढे होता तोच. ते बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. मूपनारांनी हायकमांड सोडली होती, पण नवा पक्ष काढताना ती सोबत आणली होती. दुसरी कुठली रचना त्यांनी पाहिलीच नव्हती, असे मला वाटते. यात कपट शोधायचे कारण नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये मूपनार वारले. पक्षात जयंती नटराजन यांच्यासारखे केंद्रात मंत्री राहिलेले लोक होते. अध्यक्षपद आले ते मूपनारांचे चिरंजीव जी. के. वासन यांच्याकडे, तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षे होते. वर्षभरात, २००२ साली, पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. वासन पुढे केंद्रात मंत्री झाले आणि २०१४ च्या अखेरीस पुन्हा बाहेर पडून त्यांनी तमिळ मानिल काँग्रेसचे पुनरुज्जीवन केले. त्या वेळच्या वादातला एक तपशील फार बोलका आहे. पक्षाच्या सदस्यत्व-पत्रावर कामराज आणि मूपनार यांची छायाचित्रे असावीत की नाही, यावरून प्रदेश काँग्रेस आणि दिल्ली यांच्यात बिनसले होते. सदस्याच्या हाती जो कागद यायचा, त्यावर कोणाचे चित्र असावे यावर भांडण झाले. त्या कागदाने सदस्याला कोणता अधिकार मिळतो, यावर नाही.

१९६९ ला बाहेर, १९७६ ला आत, १९९६ ला बाहेर, २००२ ला आत, २०१४ ला बाहेर. एकाच परंपरेची ही पाच वळणे आहेत. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात संस्थेत असमाधानी असलेल्या माणसापुढचे पर्याय मांडले होते : आत राहून आवाज उठवणे, बाहेर पडणे, आणि निष्ठेने थांबणे. भारतीय पक्षांत आवाजाला यंत्रणाच नसल्यामुळे बाहेर पडणे हाच आवाज झाला आहे. दाद मागायची तर आधी घर सोडायचे, मग घराच्या दारात उभे राहून बोलायचे, आणि ऐकले गेले की परत आत जायचे. महाराष्ट्रातही ही ये-जा ओळखीची आहे. यशवंतराव चव्हाण १९७८ साली इंदिरा गांधींपासून दूर गेले आणि १९८१ साली परतले. शरद पवार १९७८ साली बाहेर, १९८६ साली औरंगाबादेत पुन्हा आत. १९९९ साली त्यांनी संगमा आणि तारिक अन्वर यांच्यासह अध्यक्षांच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवारीवर पत्राने आक्षेप घेतला. ते पत्र म्हणजे आवाजच होता. उत्तर म्हणून हकालपट्टी आली आणि १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली.

घटना कशी वाचावी

प्रत्येक नोंदणीकृत पक्षाला घटना असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ तसे बंधन घालते. विद्यार्थी ही घटना वाचत नाहीत, प्राध्यापकही क्वचितच वाचतात, आणि पक्षाचे पदाधिकारी तर वाद न्यायालयात गेल्यावरच वाचतात. तुम्ही वाचाल तेव्हा निवडीच्या कलमावर थांबू नका. ते बहुधा देखणेच असते. अण्णा द्रमुकचे पाहा. एम. जी. रामचंद्रन यांनी ठरवलेल्या नियमानुसार सरचिटणीसाची निवड पक्षाच्या सर्व प्राथमिक सदस्यांनी करायची. भारतातल्या मोठ्या पक्षांत याहून उदार नियम शोधून सापडणार नाही. पण डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता वारल्या तेव्हा त्याच महिन्यात सर्वसाधारण परिषदेने शशिकला यांना हंगामी सरचिटणीस केले. सप्टेंबर २०१७ मध्ये ती नेमणूक रद्द करून दिवंगत जयललितांना कायमच्या सरचिटणीस घोषित केले आणि समन्वयक व सहसमन्वयक अशी दोन नवी पदे काढली. जुलै २०२२ मध्ये ती दोन्ही पदे मोडून जुने पद परत आणले. मार्च २०२३ मध्ये एडप्पाडी पलनिस्वामी बिनविरोध निवडून आले, कारण उमेदवाराला किमान दहा जिल्हा सचिवांनी सुचवावे आणि आणखी दहांनी अनुमोदन द्यावे अशी अट घातली गेली होती. लाखो सदस्यांचा मताधिकार कागदावर शाबूत राहिला. मतपत्रिकेवर दुसरे नाव येणार नाही, एवढीच व्यवस्था झाली.

म्हणून निवडीच्या कलमाआधी उमेदवारीचे कलम वाचा, आणि त्याच्याही आधी हटवण्याचे कलम शोधा. बहुतेक घटनांत ते नसते, किंवा असले तरी कार्यकारिणीच्या ‘विशेष अधिकारां’त दडलेले असते.

काँग्रेसची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. अध्यक्षपदासाठी तिथे मधूनमधून खऱ्या निवडणुका झाल्या आहेत. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला आणि काही महिन्यांत त्यांना पद सोडावे लागले, कारण कार्यकारिणी त्यांच्याबरोबर नव्हती. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांना ६२२४ मते मिळाली, शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४. एवढ्या मतांनी निवडून आलेल्या अध्यक्षाला मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीच्या एका बैठकीने घरी पाठवले आणि सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. केसरींनी राजीनामा दिला होता की नुसती इच्छा बोलून दाखवली होती, यावरच वाद होता. मते मोजायला हजारो प्रतिनिधी लागले. हटवायला एक दुपार पुरली. बरे, ती कार्यकारिणी तरी कोणाची? १९९२ मध्ये तिरुपती अधिवेशनात कार्यकारिणीच्या निवडणुका झाल्या. अर्जुनसिंह आणि शरद पवार भरघोस मतांनी आले. निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी किंवा महिला नाहीत या कारणाने नरसिंह रावांनी साऱ्यांचे राजीनामे घेतले. कारण योग्य होते, वापर सोयीचा होता. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांनी शशी थरूर यांना ७८९७ विरुद्ध १०७२ असे हरवले, तेव्हा निवडणुकीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण चार महिन्यांनी रायपूरला कार्यकारिणीची निवडणूक न घेता सदस्य नेमण्याचा अधिकार अध्यक्षांना देण्यात आला.

भाजपत घराणे नाही, म्हणून तिथे प्रश्न सुटला असे समजणाऱ्यांनी नितीन गडकरींचे प्रकरण पाहावे. अध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा पद घेता यावे म्हणून सप्टेंबर २०१२ मध्ये सूरजकुंडला पक्षाची घटना दुरुस्त झाली. जानेवारी २०१३ मध्ये गडकरी बाजूला झाले आणि राजनाथ सिंह बिनविरोध अध्यक्ष झाले. घटना एका माणसासाठी बदलली आणि त्या माणसालाच तिचा उपयोग झाला नाही, कारण निर्णय घटनेत होतच नव्हता. या पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी आजवर मतमोजणीची वेळ आलेली नाही.

महाराष्ट्रात १९८० ते १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि पवार असे सहा काँग्रेसी मुख्यमंत्री झाले. विधिमंडळ पक्षाची बैठक व्हायची, निरीक्षक यायचे, एका ओळीचा ठराव व्हायचा : निर्णय पक्षश्रेष्ठींवर सोपवावा. आमदारांनी आपला अधिकार लोकशाही पद्धतीने, एकमताने, दुसऱ्याच्या हवाली करण्याचा हा विधी आजही वेगवेगळ्या पक्षांत पाहायला मिळतो.

बंद झालेली वाट

आता कायद्याकडे या. १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली. त्या वेळी एक तृतीयांश आमदार वेगळे झाले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि त्यांचे सदस्यत्व टिके. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काढून टाकली. दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची तेवढी राहिली. हेतू घाऊक पक्षांतर रोखण्याचा होता. परिणाम वेगळा झाला. नेत्याविरुद्ध पक्षात बोलायची सोय आधीच नव्हती. आता गट म्हणून वेगळे होण्याचीही राहिली नाही. मग असंतुष्टांपुढे एकच दावा उरला : ‘आम्ही बाहेर पडलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष.’

शिवसेनेत जून २०२२ मध्ये नेमके हेच झाले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात शिंदे गटाला नाव आणि धनुष्यबाण दिला. २०१८ मध्ये पक्षघटनेत केलेले बदल आयोगाच्या नोंदीवर नाहीत आणि ते लोकशाहीला धरून नाहीत, म्हणून घटनेची कसोटी लावता येत नाही, असे म्हणून आयोग आमदार-खासदारांच्या संख्येकडे वळला : ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार. आयोगाचे निदान बरोबर होते, आणि माझा आक्षेप त्याच्या उपचारावर आहे. पक्षघटना लोकशाहीवादी नाही, म्हणजे सामान्य शिवसैनिकाला मत नाही, असा अर्थ होतो. त्यावर उपाय म्हणून आयोगाने मत दिले कोणाला? आमदारांना. शाखेत बसणारा माणूस आधीही मोजला गेला नव्हता, नंतरही नाही. तीन महिन्यांनी, ११ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असे सांगितले. पण तो राजकीय पक्ष कोण, हे ठरवायला पुन्हा घटना लागते. विधानसभाध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये १९९९ ची घटना ग्राह्य धरली आणि गाडे मूळपदावर आले.

शिवसेनेच्या वारशाबाबत एक गोष्ट विसरली जाते. २००३ च्या महाबळेश्वर अधिवेशनात उद्धव ठाकरे यांना कार्याध्यक्ष करण्याचा ठराव राज ठाकरे यांनीच मांडला होता. तीन वर्षांनी त्यांचा वेगळा पक्ष निघाला. एकमताने झालेल्या निवडीत किती मते खरोखर होती, हे मोजण्याचे साधन पक्षाकडे नसते. ते नंतर, फुटीच्या दिवशी मोजले जाते. राष्ट्रवादीत ते दोन महिन्यांत मोजले गेले. २ मे २०२३ रोजी शरद पवारांनी अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली, सभागृहात रडारड झाली, ५ मे रोजी समितीने राजीनामा एकमुखाने नाकारला, आणि २ जुलैला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

मग सर्व सदस्यांना थेट मत द्यावे का? विधि आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली होती. ती मला पूर्ण पटत नाही. ब्रिटनच्या हुजूर पक्षात १९६५ पूर्वी नेता ‘पुढे येत’ असे. नंतर खासदार त्याला निवडू लागले आणि १९९८ पासून अंतिम निवड सदस्यांकडे गेली. २०२२ मध्ये खासदारांची पहिली पसंती सुनक होते, सदस्यांनी लिझ ट्रस यांना निवडले, आणि पन्नास दिवसांत त्यांना जावे लागले. सदस्यांची निवड चुकू शकते. पण तिथे ती चूक दुरुस्त करण्याची वाट खासदारांच्या हाती होती आणि त्यासाठी पक्ष फोडावा लागला नाही. आपल्याकडे निवडणूक सक्तीची झाली तर सदस्यनोंदणीच्या पुस्तकांचे गठ्ठे कोणाच्या कार्यालयात भरले जातात हे तुमच्या तालुक्यात विचारून पाहा. मतदारयादी ज्याच्या कपाटात, निकालही त्याच्या कपाटात.

चोळांच्या मुलुखात याबद्दल एक जुना पुरावा दगडावर आहे. उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातील, परांतक चोळाच्या काळातील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांचे नियम कोरले आहेत. ताडपत्रावर नावे लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने काढायची, हा भाग सगळे सांगतात. ती सभा शिकलेल्या, जमीन असलेल्या ब्राह्मणांची होती, हे फार कमी लोक सांगतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत ते अपात्रतेचे नियम : मागच्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याचे नाव मडक्यात टाकायचे नाही, ज्याने हिशेब दिला नाही त्याचे टाकायचे नाही आणि त्याच्या नातलगांचेही नाही. निवड चिठ्ठीवर सोडली होती, पण पुन्हा येण्याचे दार कोणासाठी बंद राहील हे बारकाईने लिहून ठेवले होते.

आजच्या पक्षांत याच्या जवळ जाणारा नियम मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०१२ मध्ये केला : सरचिटणीसपद कोणालाही सलग तीनच वेळा. त्यानुसार प्रकाश करात २०१५ मध्ये पायउतार झाले आणि सीताराम येचुरी आले. पक्ष फुटला नाही, कोणी रडलेही नाही. तिथेही पुढची नावे वरूनच येतात, हे खरे. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईच्या अधिवेशनात केंद्रीय समितीची अधिकृत यादी मांडली गेली, तेव्हा महाराष्ट्राचे डी. एल. कराड यांनी यादीबाहेरून आपली उमेदवारी दाखल केली. मतदान झाले. त्यांना ३१ मते मिळाली आणि ते पडले. पण त्या मतांची मोजणी पक्षाच्या आतच झाली.